क्रीडमूर, १८७४ : तीन गुणांवर उभा राहिलेला समज

ठासणीच्या बंदुकीचा काळ क्रीडमूरला संपला, असे सर्रास लिहिले जाते. हा निष्कर्ष गुणपत्रक न वाचता काढलेला आहे.

२६ सप्टेंबर १८७४. न्यूयॉर्कजवळचे मैदान, अंतरे ८००, ९०० आणि १००० यार्ड. सहा आयरिश नेमबाजांकडे रिग्बीच्या ठासणीच्या रायफली. सहा अमेरिकनांकडे मागून काडतूस भरण्याच्या : तिघांकडे रेमिंग्टन, तिघांकडे शार्प्स. निकाल : अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१.

आयरिश संघातील मिल्नरची एक गोळी मात्र अचूक मध्यावर लागली होती, पण शेजारच्या लक्ष्यावर. नियमानुसार शून्य. तीच स्वतःच्या लक्ष्यावर लागती तर चार गुण मिळून बेरीज ९३५ झाली असती, आणि हेच लेखक ठासणीचे पोवाडे गात बसले असते! शेजारचे लक्ष्य मिल्नरला काही रायफलीच्या यंत्रणेने दाखवले नव्हते.

मागून भरण्याचा लाभ त्या दिवशी अचूकतेत दिसत नाही. तो सोयीत होता. पडून नेम धरणाऱ्याला प्रत्येक बारानंतर नळीत गज घालण्यासाठी उठावे लागत नसे. १८७५ मध्ये डब्लिनजवळ डॉलीमाउंटला अमेरिकनांनी सुमारे ४० गुणांनी मात केली. दाखला द्यायचाच तर तो द्यावा. आणि तेथेही हात किती, हत्यार किती, हे आधी वेगळे काढावे.