हाक तिच्या भाषेत ऐकली पाहिजे

कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांना संरक्षण देणारा कायदा संसदेने २००५ साली संमत केला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून तो अमलात आला. १८१ या क्रमांकाच्या महिला हेल्पलाइनची योजना केंद्र सरकारने १ एप्रिल २०१५ पासून लागू केली. कायदा झाला, क्रमांकही मिळाला. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी अवघ्या १४ टक्के स्त्रियांनी कुणाकडे तरी मदत मागितली होती. बाकीच्या गप्प का राहिल्या? लाज, भीती, परावलंबन ही कारणे आहेतच. पण बोलायचे कुणाशी आणि कोणत्या भाषेत, हाही प्रश्न आहे.

उत्तनचेच उदाहरण घ्या. मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीतील हे समुद्रकाठचे गाव. येथील कोळी व ख्रिस्ती घरांतली मराठी ही पाठ्यपुस्तकातली मराठी नव्हे. त्याच महापालिकेच्या हद्दीत, भाईंदर व मीरा रोडच्या इमारतींत, हिंदी आणि गुजराती बोलणारी असंख्य कुटुंबे राहतात. मासळी विकणारी स्त्री बाजारात व्यवहारापुरती हिंदी सफाईने बोलेल. पण रात्री घरात काय घडले हे सांगताना तिला घरचीच बोली हवी. उलट, उत्तर प्रदेशातून लग्न होऊन आलेल्या मुलीला मराठीतला अर्ज म्हणजे भिंतच. अशा वेळी दुभाष्या कोण होतो? दीर, सासू, नाहीतर शाळेत जाणारा मुलगा. ज्या घरापासून संरक्षण हवे, त्याच घरचा माणूस तिचे शब्द निवडतो. मारहाणीचे भाषांतर ‘किरकोळ भांडण’ असे होते आणि तक्रारीचा शेवट समजुतीत होतो.

म्हणूनच दोन भाषा जाणणारी हेल्पलाइनवरील कार्यकर्ती ही केवळ फोन उचलणारी नव्हे. ‘ताई, या क्षणी तुम्ही सुरक्षित आहात का? फोन तुटला तर मी उलट करू की नको?’ हे तिने आधी विचारायचे असते. कारण चुकीच्या वेळी वाजलेला फोनही मार खायला लावतो. घर नवऱ्याच्या नावावर असले तरी त्यात राहण्याचा हक्क कायद्याने दिला आहे, हे तिने समजेल अशा शब्दांत सांगायचे असते. तातडीच्या प्रसंगी फोनवर मिळालेल्या खात्रीलायक माहितीवरून संरक्षण अधिकाऱ्याने पोलिसांची मदत घ्यावी, असे नियम सांगतात. तेव्हा त्या पहिल्या संभाषणातला एक शब्द निसटला, तर पुढची सारी साखळी निसटते. भाषांतराचे काम यंत्र करील, असे आता सांगितले जाते. बोलता बोलता आवाज एकाएकी का खाली आला, खोलीत कोण आले, हे ओळखायला माणूसच लागतो.

हे अशक्य नाही. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या पोलीस यंत्रणेतच बसून काम करू शकतात हे दाखवून दिले. आज मात्र अशी कामे बहुधा कंत्राटावर, तुटपुंज्या मानधनावर करून घेतली जातात. रात्रभर दुसऱ्यांचे दुःख ऐकणाऱ्या स्त्रीच्या श्रमाला सेवाभाव म्हणायचे आणि वेतन नाकारायचे, ही शोषणाची जुनीच रीत आहे.

आमची मागणी स्पष्ट आहे. त्या त्या भागातील बोली जाणणाऱ्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन कायम पदांवर, पुऱ्या वेतनावर नेमा. स्त्रीचा जबाब घेताना नातेवाइकाला दुभाष्या करू नका. आणि कार्यकर्त्यांनो, १८१ हा क्रमांक बंदरावर, मासळी बाजारात, रेशन दुकानावर, लोकांच्या भाषांतून लिहा. ‘घरचा मामला’ म्हणून आपणच किती तक्रारी चहाच्या कपावर मिटवल्या, हेही एकदा स्वतःला विचारा. घराच्या उंबरठ्याशी थांबणारी समता आपल्याला नको आहे.