मोटारीतला मोकळा कुत्रा

मे महिना लागला की आमच्या कराडातून कुंभार्ली घाट उतरून कोकणात जाणाऱ्या मोटारींची वर्दळ वाढते. पूर्वी या मोटारींत आजी-आजोबा, मुले आणि फराळाचे डबे असत. आता घरचा कुत्राही असतो. शेजाऱ्यांवर सोपवून जाण्याचे दिवस गेले, कारण शेजारीही कोकणातच गेलेले असतात. कुत्र्याला बरोबर न्यावे, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याला मोटारीत जसे नेले जाते त्याबद्दल. तो पुढच्या आसनावर बाईंच्या मांडीवर बसलेला असतो, किंवा मागे दोन मुलांच्या मध्ये उभा असतो. कधी तर चालकाच्या मांडीवर बसून सुकाणूवर पंजे टेकवून ऐटीत बाहेर पाहत असतो.

“डॉक्टर, तुम्ही माणसांचे डॉक्टर. कुत्र्यांचे पशुवैद्य बघतील की,” असे एका स्नेह्यांनी मला ऐकवले. कुत्र्याचे पशुवैद्य बघतील, हे खरे. पण त्या मोटारीतली माणसे शेवटी माझ्याच दवाखान्यात येतात, म्हणून हा विषय आरोग्याच्या सदरात घेतला आहे.

आधी थोडे गणित पाहू. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार धडकली, तर आत मोकळे असलेले प्रत्येक शरीर त्याच वेगाने पुढे जात राहते. हा आघात सुमारे पावणेदहा मीटरवरून, म्हणजे तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली पडण्याइतका असतो. आपल्याकडचा कारवान किंवा लॅब्रेडॉर सहज २५ किलोंचा भरतो. मोटार एक दशांश सेकंदात थांबली असे धरले, तर हा २५ किलोंचा जीव समोरच्या माणसाच्या पाठीवर किंवा मानेवर सुमारे साडेतीनशे किलोंच्या जोराने आदळतो. म्हणजे पुढे बसलेल्यांनी स्वतःचे पट्टे अगदी नियमाने लावलेले असले तरी धोका टळत नाही. आणि मांडीवरच्या सहा किलोंच्या पामेरियनला “मी घट्ट धरून ठेवीन” असे म्हणणाऱ्या भगिनींनी हेच गणित सहा किलोंसाठी करून पाहावे. सुमारे ८५ किलोंचा हिसका येतो. तो हातांनी सावरणे पैलवानालाही जमणार नाही.

पुढच्या आसनासमोर एअरबॅग असते. ती माणसाच्या छातीसाठी, आणि तीही पट्टा लावलेल्या माणसासाठी बनवलेली आहे. निमिषार्धात ती फुगते, आणि मांडीवरचे जनावर तिच्या आणि तुमच्या मध्ये सापडते. मग दोघांनाही इजा होते. तेव्हा पुढच्या आसनावर कुत्रा नकोच, मग तो कितीही लहान असो.

सगळ्याच दुखापती अशा मोठ्या धडकेतून होतात असे नाही. गेल्या वर्षी एक शिक्षक मनगट मोडून आले होते. मोटार कुठेही धडकली नव्हती. बाहेर बकऱ्यांचा कळप दिसला, तशी मागची कुत्री उसळून पुढे आली. तिला एका हाताने मागे ढकलताना मोटार शेताच्या चरात उतरली. ताशी ६० च्या वेगात मोटार एका सेकंदात १६ मीटरहून अधिक अंतर जाते. दोन सेकंद मागे वळून पाहिले, तर ३३ मीटर रस्ता न बघता पार झाला. मोटार वाहन कायद्याचे १२५ वे कलम सांगते, की वाहन ताब्यात ठेवण्यात अडथळा येईल अशा रीतीने चालकाने कोणाला बसू देऊ नये किंवा काही ठेवू नये. या कलमाची आठवण मुख्यतः रिक्षात चालकाच्या शेजारी दाटीने बसवलेल्या प्रवाशांमुळे होते. मांडीवरचा कुत्रा हा अडथळा नव्हे, असे कोणी म्हणू शकेल का?

मला सर्वांत अधिक काळजी वाटते ती अपघातानंतरच्या पहिल्या काही मिनिटांची. याविषयी फारसे कोणी बोलत नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. धडकेनंतर कुत्रा जिवंत असेल, तर तो भेदरलेला असतो आणि बहुधा जखमी असतो. मालक बेशुद्ध पडला असेल, तर इमानी जनावर त्याच्याजवळून हलत नाही. मदतीला धावलेल्या अनोळखी माणसांवर ते गुरगुरते, प्रसंगी तुटून पडते. महामार्गावर थांबून मदत करणारी माणसे आधीच कमी. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने अशा माणसांना कायद्याचे संरक्षण मिळाले आहे, पण कुत्र्याच्या दातांपासून कोण संरक्षण देणार? रक्तस्रावाच्या रोग्याच्या बाबतीत पाच-दहा मिनिटे म्हणजे काय, हे मी सांगायला नको. दार उघडताच कुत्रा उडी मारून महामार्गावर पळाला, तर त्याला चुकवताना मागून येणारा दुचाकीस्वार पडतो. कुत्रा मागच्या आसनाला बांधलेला असेल, तर पुढच्या माणसांना निदान बाहेर काढता येते.

याच कारणासाठी कुत्र्याच्या रेबीज लसीकरणाचे कार्ड डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावे. अपघातात घरचा कुत्राही चावतो. अशी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. पोटातली चौदा इंजेक्शने केव्हाच बंद झाली. लस आता दंडात देतात, पद्धतीनुसार चार किंवा पाच वेळा. रक्त आले असेल तर जखमेत सीरमही द्यावे लागू शकते. ‘घरचाच आहे, काही होत नाही’ हा निर्णय आपण घेऊ नये. कार्ड पाहून डॉक्टरांना घेऊ द्यावा.

आता बांधायचे कसे ते पाहू. गळ्यातल्या पट्ट्याला साखळी लावून ती आसनाला बांधणे सर्वांत वाईट. हिसका बसला की सगळा जोर मानेच्या मणक्यांवर आणि श्वासनलिकेवर येतो. छाती आणि खांदे यांना वेढणारा हार्नेस मिळतो, तो घ्यावा. पाठीकडची त्याची कडी आखूड पट्ट्याने मोटारीच्या सीट बेल्टच्या कुलपात अडकवावी. पट्टा एवढाच असावा की कुत्रा बसू शकेल, आडवा होऊ शकेल, पण पुढच्या दोन आसनांच्या मधल्या फटीपर्यंत पोचणार नाही. घेताना कड्या धातूच्या आहेत ना, शिवण दुहेरी आहे ना, हे पाहावे. फिरायला नेण्याचे नाजूक, रंगीत हार्नेस या कामाचे नव्हेत. पाच-सात किलोंच्या कुत्र्याला बंद पेटी बरी. ती पुढच्या आसनामागे पायांच्या जागेत घट्ट बसते. आसनावर नुसती ठेवलेली पेटी म्हणजे आणखी एक उडणारी वस्तू.

“बांधले आणि मोटारीला आग लागली तर?” असे विचारणारे असतात. माणसांनी पट्टा लावू नये म्हणूनही हेच कारण मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. लाल कळ दाबली की कुत्र्याचा पट्टाही माणसाच्या पट्ट्याइतक्याच सहज सुटतो. “बिचाऱ्याला बांधायचे म्हणजे क्रूरपणा” हा दुसरा आक्षेप. मला वाटते, कुंभार्लीच्या वळणांवर बिचाऱ्याला एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत घसरू देणे अधिक क्रूर आहे. एका जागी टेकून बसलेला कुत्रा पुष्कळदा शांत झोपतो आणि ओकतही कमी. निघण्यापूर्वी तीन-चार तास भरपेट खायला देऊ नये. दीड-दोन तासांनी थांबून साखळी लावूनच खाली उतरवावे. उलटी होऊ नये म्हणून आपल्या डब्यातल्या गोळ्या मनाने देऊ नयेत, वेदनाशामक तर मुळीच नको. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही आपली नेहमीची औषधे कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरतात.

सवयीचा भागही मोठा आहे. आपल्याकडच्या बहुतेक कुत्र्यांचा वाहनाशी संबंध वर्षातून एकदा, इंजेक्शनच्या दिवशी येतो. मग त्याने मोटार पाहताच धिंगाणा घातला तर त्यात त्याचा काय दोष? सुटीच्या पंधरा दिवस आधी त्याला हार्नेस घालून उभ्या मोटारीत बसवावे, मग गल्लीतून एक फेरी मारावी.

ही झाली मोटारवाल्यांची गोष्ट. पण तालुक्याच्या गावात कुत्रा जातो तो बहुधा स्कूटरवरून. पायांशी उभा केलेला, साखळी हँडलला गुंडाळलेली. गल्लीच्या तोंडाशी दुसरी कुत्री भुंकत मागे लागतात, हा खाली उडी घेतो, आणि साखळीसकट हँडल त्याच्याबरोबर वळते. स्वाराची गुडघ्याची वाटी आणि कुत्र्याचा गळा एकाच वेळी जातो. दुचाकीवरून मोठा कुत्रा नेण्याची सुरक्षित पद्धत मला माहीत नाही, आणि ती असेल असे वाटतही नाही. पशुवैद्यकीय दवाखाना दूर असेल तर रिक्षा करावी. एकाने मागे बसून हार्नेसला धरावे, आणि रिक्षावाल्याला आधी सांगून दोन पैसे जास्त द्यावेत. पिल्लू असेल तर मागे बसणाऱ्याच्या छातीशी बांधलेल्या पिशवीत चालेल, तेही गावातल्या गावात. टेम्पोच्या उघड्या हौद्यात साखळीने बांधून नेणाऱ्यांना तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे ११ वे कलमच दाखवायला हवे. जनावराला विनाकारण यातना होतील अशी वाहतूक त्यात गुन्हा ठरवली आहे.

आणि हे दिवस उन्हाचे आहेत. बंद मोटारीत पहिल्या दहा मिनिटांतच तापमान सुमारे दहा अंशांनी चढते, तासाभरात वीस-बावीस अंशांनी. बाहेर ३६ असेल तर आत ५५ च्या पुढे जाते. काच दोन बोटे खाली ठेवल्याने जवळजवळ काही फरक पडत नाही. सावली सरकते, हे तर आपण सगळेच विसरतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून, जिभेवरची ओल उडवून अंग थंड ठेवतो. भोवतालची हवाच तापली आणि त्याच्याच श्वासाने दमट झाली, की ही सोय बंद पडते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांची ही सोय मुळातच अपुरी असते. (जाहिरातीत पाहून पग घेणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.) त्याचे नेहमीचे तापमान ३८ ते ३९ अंश असते. ते ४१ च्या वर गेले की उष्माघात समजावा. जोरजोरात धापा, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, लटपटणारे पाय ही लक्षणे दिसली तर आधी सावलीत घेऊन अंगावर, विशेषतः पोटावर आणि मांड्यांत, नळाचे पाणी ओतत राहावे आणि वारा घालावा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नये, त्याखाली उष्णता कोंडते. पाणी थोडे थोडे पाजावे, बळेच ओतू नये. मग पशुवैद्याकडे न्यावे. उठून चालू लागला तरी न्यावे, कारण मूत्रपिंड आणि यकृत यांवरचा परिणाम मागाहून दिसतो.

लग्नसराईत मंगल कार्यालयाच्या आवारात अशी बंद मोटार आणि आत धापा टाकणारा कुत्रा दिसला, तर काच फोडण्याचा विचार शेवटी करावा. आधी मोटारीचा क्रमांक टिपून आत जावे आणि ध्वनिक्षेपकावर बसलेल्या माणसाला तो तीनदा पुकारायला सांगावे. मालक पंगतीत बसला असला तरी हात न धुता धावत येतो.