सभेतून सुखरूप परतण्याचा हक्क



दिनांक 23 नोव्हेंबर 1994 रोजी नागपुरास गोवारी समाजाचा मोर्चा विधिमंडळावर गेला. आम्हांस अनुसूचित जमातीचा दर्जा द्या, ही त्यांची मागणी. पुढे पोलिसांनी वाट अडविलेली. लाठीमार होताच धावपळ उडाली आणि चेंगराचेंगरीत 114 जीव गेले. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक. यास दैव म्हणावयाचे काय? मुळीच नाही! पुढची वाट बंद आहे हे मागच्यांस दिसत नाही. रेटा वाढतो, छाती दाबली जाते आणि माणूस उभ्याउभ्या गुदमरतो. याचा दोष जमावाच्या माथी मारणे हा शुद्ध अन्याय होय.

संविधानाच्या कलम 19 ने शांततेने एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे. सभेतून जिवंत परतण्याचा हक्क त्यातच आला. दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर आपण लाखोंनी जमतो. तेव्हा अधिकाऱ्यांना व आपल्या संयोजकांनाही आधीच विचारा: येण्याची व जाण्याची वाट वेगळी आहे काय? रुग्णवाहिकेस रस्ता मोकळा आहे काय? स्वयंसेवक पुरेसे आहेत काय? उत्तर मिळेपर्यंत स्वस्थ बसू नका. मेलेल्यांची स्मारके नागपुरात उभी आहेत. जिवंत आहात तोवर वाट मागा!