सशाचं काळीज आणि आपली हौस

दर काही दिवसांनी कुणीतरी तो व्हिडिओ पाठवतंच. सोफ्यावर पसरलेला लॅब्राडोर, त्याच्या पोटाशी पांढरा ससा, मागे हळुवार पियानो. खाली बदाम आणि 'प्रेमाने सगळं शक्य आहे' छापाचं एक वाक्य. मला तो बघवत नाही, कारण मी आता कुत्र्याकडे न बघता सशाकडे बघते. कान पाठीला चिकटलेले, डोळे विस्फारलेले, अंग आखडून गोळा झालेलं. याला आपण 'किती शांत बसलाय' म्हणतो. तो शांत नसतो. पळायला जागा नाही हे कळल्यावर ससा असाच थिजतो. निवांत ससा पाय पसरून कुशीवर लोळतो, अंग चाटतो, गवत खातो.

इथे नेदरलँड्समध्ये आपल्या ओळखीच्या घरांत हा प्रश्न बहुधा एकाच क्रमाने येतो. आधी भाड्याचा फ्लॅट. कुत्रा ठेवायला घरमालकाची ना, मुलांचा हट्ट, म्हणून ससा. काही वर्षांनी आपण घर घेतो, मागे वीतभर बाग मिळते आणि लगेच कुत्र्याचं पिल्लू येतं. नीट सांभाळलेला ससा 8-10 वर्षं सहज जगतो, म्हणजे तो अजून घरात असतोच. मग दोघांना 'भावंडं' करायचं असं आपण परस्पर ठरवून टाकतो.

आमच्याकडेही असंच झालं. पिठी 5 वर्षांची होती, बंड्या 7 महिन्यांचा. बंड्याने तिला कधीही स्पर्श केला नाही, मध्ये मजबूत जाळी होती. तो जाळीपाशी बसून तासन्‌तास तिच्याकडे टक लावून बघायचा आणि आम्ही कौतुकाने फोटो काढायचो. एका शनिवारी आम्ही बाजारातून परतलो तर तो जाळीवर पंजे मारत भुंकत होता आणि पिठी कोपऱ्यात चिकटून बसली होती. संध्याकाळी गवत होतं तसंच. 'घाबरलीय, उद्या खाईल,' असं मीच म्हणाले. सकाळी ट्रेमध्ये एकही लेंडी नव्हती. सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं. भीतीने किंवा दुखण्याने ते मंदावलं की खाणं थांबतं आणि खाणं थांबलं की ते आणखी मंदावतं. दहा-बारा तास ससा जेवला नाही तर ती आणीबाणी असते. रविवारी दुपारी डॉक्टरकडे पोचलो तेव्हा उशीर झाला होता. घरात पीएचडी झालेली दोन माणसं होती आणि एका लेंडीचा अर्थ आम्हाला कळला नाही.

'लहानपणापासून एकत्र वाढवले की जमतं' हे वाक्य मी तेव्हाही ऐकलं होतं, अजून ऐकते. सवयीने कुत्र्याचं कुतूहल कमी होतं, हे खरं. पण बघणं, दबा धरणं, पाठलाग करणं, पकडणं ही साखळी त्याच्या अंगातच असते आणि माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तिच्या कड्या पक्क्या केल्या आहेत. बीगल सशामागे धावण्यासाठीच घडवला गेला. आपल्या दख्खनचा कारवान आणि मुधोळही त्याच कामाचे. 'आमच्याकडे 3 वर्षं काही झालं नाही' म्हणणाऱ्यांना मी संशोधक म्हणून एवढंच विचारते, की ज्यांचा ससा मेला त्यांनी व्हिडिओ टाकला का? काही घरांत खरंच जमतं, मी नाकारत नाही. पण तो जुगार आहे आणि त्यात डाव लावतो आपण, हरतो ससा.

विजयनगरची दंतकथा आठवून पाहा. तुंगभद्रेकाठी शिकारी कुत्र्यांवर ससा उलटला, आणि तो एवढा मोठा चमत्कार वाटला की तिथे राजधानी वसली म्हणतात. आपण मात्र तोच चमत्कार रोज दिवाणखान्यात व्हावा अशी अपेक्षा करतो! शिवाय तो ससा रानातला, उघड्यावर राहून लांब धाव घेणारा. आपल्या घरातला ससा वेगळ्या जातीचा, युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज. मराठीत दोघांना एकच शब्द असल्याने हा फरक आपल्या लक्षात येत नाही. धोका दिसला की याला बीळ हवं असतं. लॅमिनेटच्या जमिनीवर तो बीळ कुठून आणणार?

मुलांचा दोष नाही. डिक ब्रुनाने 1955 मध्ये एग्मंडच्या समुद्रकाठी दिसलेल्या सशावरून मुलाला गोष्टी सांगितल्या आणि त्यातून नाइन्त्ये, म्हणजे मिफी, जन्मली. त्याच्याच पुस्तकांत स्नफी नावाची गोड कुत्रीही आहे. चित्रात दोघं छानच दिसतात.

मग करायचं काय? दार बंद ठेवायचं. जाळी नव्हे, दार, आणि त्याच्याआधी जिन्याला फाटक, म्हणजे एक उघडं राहिलं तरी दुसरं असतं. सशाच्या खोलीत दोन तोंडांची लपायची जागा हवी, एका बाजूने कोंडी झाली तर दुसरीकडून निसटता येतं. कुत्रा टक लावून ताठ झाला की त्याला तिथून हलवायचं, मान वळवली की खाऊ द्यायचा. घरात कुणी नसताना तर प्रश्नच नाही. आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं: कुत्र्याच्या मानेवर टाकायचं फिप्रोनिलचं पिसवांचं औषध सशाला कधीही लावू नका, ते त्याच्या जिवावर बेततं. सशाची मिक्सोमॅटोसिस आणि आरएचडीची लसही चुकवू नका. टेकाडांवर रानससे असतात तिथे फिरवून आणलेल्या कुत्र्याच्या पायांवरून आणि आपल्या बुटांवरून आरएचडीचा विषाणू घरात येऊ शकतो.

'बिचारा एकटा पडेल' असं म्हणाल तर सोबतीला दुसरा ससा आणा. सशाला सोबत सशाचीच लागते. कुत्रा त्याची जागा घेत नाही.

आता आमच्याकडे निवारा केंद्रातून आणलेली जोडी वरच्या खोलीत राहते, बंड्या खाली. झोपण्याआधी लेक दोन्ही कड्या हलवून बघते. गेल्या दिवाळीला एका काकूंनी वर येऊन ससे पाहिले, मग खाली बंड्याला पाहिलं आणि विचारलं, ''तिघांचा एकत्र फोटो नाही का गं?''

''नाही काकू,'' म्हटलं, ''काढणारही नाही.''