आवाज आमचा, कसोटी कुणाची?

"आवाज चांगला आहे, पण आधी भाषा शुद्ध कर." पवनीच्या आमच्या एका पोराला व्हॉइस ओव्हरच्या ऑडिशननंतर हे उत्तर मिळाले. गुन्हा काय? तो 'पाणी'ला 'पानी' म्हणाला.

आम्ही विचारतो, शुद्ध म्हणजे कुणाचे? पुण्या-मुंबईच्या मूठभर घरांतली बोली प्रमाण आणि वैनगंगेकाठची झाडीबोली अशुद्ध, हे कुणी ठरवले? गावाकडची हीच बोली नोकराच्या, चौकीदाराच्या, विनोदी पात्राच्या तोंडी चालते. बँकेची किंवा विम्याची जाहिरात आली की ती गावंढळ ठरते. म्हणजे अडचण उच्चाराची नाही. आमच्या आवाजात अधिकार ऐकण्याची यांच्या कानांना सवय नाही.

बुद्धवचन छंदस् भाषेत बांधावे, ही दोन ब्राह्मण भिक्खूंची मागणी तथागतांनी फेटाळली, अशी नोंद चुल्लवग्गात आहे. आमच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात स्तूप उघडा पडला. पवनीचे ते प्राचीन लेखही संस्कृतात नाहीत, प्राकृतात आहेत, लोकांच्या भाषेत. ज्या मातीचा हा वारसा, तिच्या लेकरांनी बोलीची लाज का बाळगावी?

पण एवढ्यावर थांबलो तर ते रडगाणे होईल. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, तो प्रमाण मराठीत. 'ण' आणि 'न'चा फरक आम्हीही शिकू. लाजेने नव्हे, हत्यार म्हणून.

आणि आमच्या चुका आम्हीच सांगू. पंखा चालू, मोबाईल तोंडाला चिकटलेला, मजकूर पहिल्यांदाच वाचतो आणि तोच पाठवून देतो. हे बंद करा. मजकूर मोठ्याने चार वेळा वाचा. तो कोण, कुणाला, कशासाठी सांगतो आहे, हे आधी ठरवा. खोलीत गोधड्या टांगा, म्हणजे आवाज घुमणार नाही. माईक वीतभर दूर आणि जरा तिरपा ठेवा, म्हणजे 'प', 'फ', 'भ' फुटणार नाहीत. दोन वाचने मागितली तर दोन्ही वेगळी द्या. एकात बातमी सांगा, दुसऱ्यात शेजाऱ्याशी बोला. पार्श्वसंगीत घालू नका. फाईलला सांगितले तेच नाव द्या आणि मुदतीच्या आत पाठवा. नमुना मिनिटभराचाच ठेवा, सर्वांत दमदार वाक्य सुरुवातीला. झाडीबोलीचा नमुना वेगळा करा आणि तो अभिमानाने जोडा.

एक सावधगिरी. ऑडिशनच्या नावाखाली पूर्ण जाहिरात वाचायला सांगितली तर नकार द्या. चार ओळी पुरेत. फुकट राबवून घेण्याची ही जुनीच रीत आहे, फक्त आता ती हेडफोन लावून आली आहे. एकट्याचा नकार दुबळा पडतो, म्हणून पोरापोरींनो, दर आपसात ठरवा, एकमेकांची वाचने ऐका, चुका दाखवा.

शतकानुशतके मुके ठेवलेल्यांचा आवाज आता बाजारात उतरतो आहे. तो तयारीने उतरवा, आणि त्याची पुरती किंमत घ्या.

जय भीम!