अनुभव वर्षांत मोजू नका

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळईच्या कारखान्यात रात्रपाळी सांभाळणारा अभियंता रोज निर्णय घेत असतो. इंडक्शन भट्टीत भंगार वितळते, पण त्यातला फॉस्फरस फारसा निघून जात नाही. म्हणजे पोलाद कसे उतरणार हे बरेचसे भंगाराच्या ढिगापाशीच ठरते. 'एफई ५००डी' सळईत गंधक आणि फॉस्फरस मिळून ०.०७५ टक्क्यांवर जाता कामा नये, असे भारतीय मानक १७८६ सांगते. नमुन्यात प्रमाण जास्त निघाले आणि बाहेर ट्रक भरायला उभे आहेत, अशा वेळी ती हीट, म्हणजे एका वेळी वितळवलेले पोलाद, बाजूला काढायची की नाही? हा निर्णय त्याने पाच वर्षांत कसा घेतला, हे त्याच्या अनुभवाच्या दाखल्यावर कुठेही नसते. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत नोकरीत होते, वर्तणूक चांगली, एवढ्यावर दाखला संपतो.

कॅनडात अभियंत्याला परवाना देताना नेमके हेच विचारतात. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने सात गटांत ३४ क्षमता ठरवल्या. उमेदवाराने प्रत्येकीसाठी स्वतःच्या कामातला प्रसंग लिहायचा: अडचण काय होती, मी काय केले, त्यातून काय निघाले. ते काम पाहिलेल्या वरिष्ठांनी साक्ष द्यायची आणि अनुभवी अभियंत्यांनी ० ते ५ गुणांत तपासायचे. पदवीची छाननी आणि कायदा-नीतीची परीक्षा आहेतच. ओंटारिओने मे २०२३ मध्ये ही पद्धत स्वीकारली आणि एक वर्ष कॅनडातच काम केलेले असावे ही जुनी अट काढून टाकली. जालन्यातली रात्रपाळी आता टोरांटोत मांडता येते. ती आपल्याकडे मात्र मांडता येत नाही, आणि माझे भांडण इथेच आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: लोक खोटे लिहितील, साक्षीदार ओळखीतलेच असतील. पण आजचा एका ओळीचा दाखला मिळवणे त्याहून कितीतरी सोपे आहे. चौतीस प्रसंग रचायचे आणि त्याच शाखेतल्या माणसाच्या प्रश्नांपुढे ते टिकवायचे, हे ज्याने काम केलेच नाही त्याला जड जाते. शिवाय तिथे साक्षीदारालाही क्षमतेगणिक स्वतःचे मत नोंदवावे लागते. सरसकट शिफारस चालत नाही.

दुसरा आक्षेप मला खरोखर गंभीर वाटतो. भोकरदन-मंठ्याकडून आलेला, मराठी माध्यमात शिकलेला मुलगा काम उत्तम करील, पण ते इंग्रजीत रंगवून सांगणारा दुसराच कोणी पुढे जाईल. कॅनडात ही भीती खरी आहे. आपल्याकडे त्यावर उपाय आपल्याच हातात आहे: प्रसंग मराठीत लिहू द्यावेत, आराखडा पुढे ठेवून तोंडी विचारावे. सेंट्रिंगवाल्याला आणि मिस्त्रीला नीट समजावून सांगणे हीच इथल्या अभियंत्याची संवादक्षमता आहे आणि ती मराठीतच तपासली पाहिजे.

पदवी आणि वर्षे पुरेशी आहेत म्हणणाऱ्यांनी क्वेबेकचा पूल आठवावा. २९ ऑगस्ट १९०७ रोजी तो बांधकाम चालू असतानाच कोसळला आणि ७५ कामगार मेले. सल्लागार अभियंता थिओडोर कूपर अमेरिकेतला नावाजलेला माणूस होता. त्याच्याकडे पदवी होती, दशकांचा अनुभव होता. पण तो न्यूयॉर्कमध्ये बसून काम पाहत होता आणि पुलाचे स्वतःचे वजन हिशेबात कमी धरले गेले होते. खालचे दांडे वाकू लागल्याचे जागेवरच्या तरुण अभियंत्याला, नॉर्मन मॅक्लूरला, दिसले. तो न्यूयॉर्कला धावला. आणखी भार टाकू नका, अशी तार कूपरने केलीही, पण ती पुलावर वेळेत पोचली नाही. दोघांच्या अनुभवाची वर्षे मोजली असती तर कूपरच वरचढ ठरला असता. वाकलेला दांडा मॅक्लूरने ओळखला.

उरला परदेशी नकलेचा आरोप. १९२३ च्या कायद्यापासून बॉयलर हाताळणाऱ्याला आपण सक्षमतेचा दाखला मागतो. खाणीच्या व्यवस्थापकालाही मागतो. वकिलांसाठी १९६१ चा आणि वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे. अभियंत्यांसाठी देशभराचा असा कायदा आजही नाही. इमारतीच्या सांगाड्यावर सही करणाऱ्याला महापालिका पदवी आणि वर्षे पाहून नोंदवून घेते. वाफेच्या भांड्यापाशी उभ्या राहणाऱ्याची परीक्षा घ्यायची आणि ज्याच्या सहीखाली शेकडो माणसे झोपतात त्याची वर्षे मोजून मोकळे व्हायचे, हे मला मान्य नाही.

जालना २०२३ मध्ये महानगरपालिका झाले. बांधकाम नियमावली राज्याची आहे, म्हणून बदल राज्यानेच करावा, पण मागणी जालन्यातून जावी. संरचना अभियंता म्हणून नोंदणी मागणाऱ्याने स्वतः घेतलेले दहा निर्णय लिहून द्यावेत, चुकलेला एखादा त्यात असावाच. मग त्याच्याच चालू कामावर, सळई बांधून झालेल्या पण काँक्रीट न पडलेल्या स्लॅबपाशी, दोन जाणत्या अभियंत्यांनी त्याला विचारावे: या सळईचा चाचणी अहवाल तुम्ही पाहिलात का, आणि तो नापास असता तर काय केले असते?