बारीक माणसाची साखर

आरोग्य शिबिरात काट्यावर साठच्या आसपास आकडा दिसला की माणूस निर्धास्त होतो. मागे रांगेत उभा असलेला शंभर किलोचा गृहस्थ मात्र आपली पाळी येण्याआधीच संकोचलेला असतो. दोघांच्या यकृतात, रक्तात काय चाललंय ते काट्याला कळत नाही. तरी एकाला शाबासकी मिळते आणि दुसऱ्याला उपदेश. या पद्धतीत आपल्याकडे जास्त फसतो तो पहिला, कारण त्याला कोणी तपासायलाच सांगत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःच्याच शरीरांचा दाखला दिला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबात वजन, अगदी सारखा होता : २२.३. डेक्सा यंत्राने तपासल्यावर युडकिन यांच्या शरीरात चरबी निघाली ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजन तेवढंच आणि चरबी दुपटीहून अधिक! युडकिन मॅरेथॉन धावणारे होते, हेही त्यांनी मोकळेपणाने लिहिलं होतं. तेव्हा सगळा दोष वंशावर टाकता येत नाही. पण सगळा आळसावरही टाकता येत नाही, आणि त्याचं कारण पुण्याच्या आसपासच्या खेड्यांत सापडलं.

तिथल्या सहा गावांत १९९३ पासून याज्ञिकांच्या गटाने गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. आपली बाळं हडकुळी असणार, असंच कोणालाही वाटेल. पण खांद्याच्या हाडाखाली पाठीवरची कातडी चिमट्यात धरून जाडी मोजली, तर ती वजनाच्या मानाने फारशी कमी नव्हती. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, चरबी मात्र राखलेली. यातल्या निम्म्याहून अधिक आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ज्या आयांचं बी-१२ कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त होतं, त्यांच्या मुलांचं शरीर सहाव्या वर्षीच इन्सुलिनला नीट दाद देत नव्हतं. म्हणजे चाळिशीत ‘अचानक’ निघालेल्या साखरेची सुरुवात आईच्या पोटात झालेली असू शकते. तरी दवाखान्यात आपण त्या माणसाला फक्त गोड खाण्याबद्दल बोल लावतो.

जादा अन्नाची चरबी आधी कातडीखाली साठते आणि ती जागा बरीचशी निरुपद्रवी असते. पण प्रत्येकाची कणगी सारख्या मापाची नसते. ज्याची लहान, त्याची थोड्याच धान्यात भरते आणि उरलेलं भलत्या ठिकाणी सांडतं : यकृतात, स्वादुपिंडात, आतड्यांभोवती. चरबीने भरलेलं यकृत इन्सुलिनचं ऐकत नाही, गरज नसताना साखर सोडत राहतं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढतं, चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, घसरतं. त्यात जेवणानंतरची साखर मुख्यतः ज्यांनी उचलायची, ते स्नायूच कमी. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढे, असा माणूस आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे.

उलट बाजूलाही हेच लागू आहे. सराव चालू असलेल्या जपानी सुमो मल्लांची चरबी बरीचशी कातडीखाली असते, आतली कमी. म्हणून एवढ्या देहातही साखर आणि चरबीचे आकडे पुष्कळदा ठीक निघतात. मात्र ‘लठ्ठ पण निरोगी’ हे वर्णन ऐकून कोणी स्वस्थ बसू नये. ब्रिटनमधल्या सुमारे ३५ लाख लोकांच्या नोंदी २०१७ मध्ये तपासल्या गेल्या. मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांपैकी काहीही नसलेल्या लठ्ठ माणसांनासुद्धा हृदयविकाराचा धोका निरोगी, नेमक्या वजनाच्या माणसांच्या जवळजवळ दीडपट होता. त्यांना हिणवू नये, पण खोटा दिलासाही देऊ नये.

आपल्या देशात ही दरी किती मोठी आहे, ते आयसीएमआरच्या ‘इंडियाब’ पाहणीत २०२३ मध्ये दिसलं. बीएमआयच्या हिशेबाने लठ्ठ प्रौढ २८.६ टक्के, पोटाच्या घेराच्या हिशेबाने ३९.५ टक्के. नुसत्या वजनावर विसंबलं तर कोट्यवधी माणसं नजरेतून सुटतात.

यावर लागते ती शिंप्याकडची टेप. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, उभं राहून, श्वास सोडून घेर मोजायचा, कपड्यांवरून नव्हे. पुरुषांत ९० सेंटिमीटर, बायकांत ८० गाठलं की सावध व्हायचं. ‘माझी पँट चौतीसची’ हे उत्तर चालत नाही, कारण पट्टा पोटाच्या खाली बांधलेला असतो. तिशीपुढच्यांसाठी आशाताईंकडे जो सरकारी तपासणी फॉर्म असतो, त्यात कमरेचा घेर आणि घरातला मधुमेह हे दोन्ही प्रश्न आहेत. मग शहरातल्या महागड्या ‘पॅकेज’ तपासण्यांत उंची-वजनावर भागवण्याला काय सबब आहे? घेर जास्त असेल किंवा आईवडिलांना साखर असेल, तर वजन कितीही असो, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल तपासायलाच हवं.

बारीक माणसाला निदानानंतर ‘तुमचं वजन छान आहे, गोळी घ्या’ एवढंच सांगून परत पाठवणंही थांबायला हवं. न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांच्या गटाने लठ्ठ नसलेल्या २० मधुमेहींचं वजन डॉक्टरी देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने सुमारे दहा टक्के उतरवलं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत १४ जणांची साखर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली आली होती, यकृतातली चरबी उतरली होती. अभ्यास लहान आहे आणि तो इंग्लंडमधला आहे. आपल्याकडे स्नायू आधीच तुटपुंजे असल्याने नुसतं जेवण तोडून भागणार नाही. डाळी, दूध, अंडी यांतली प्रथिनं आणि वजन उचलण्याचा व्यायाम सोबत लागेल. हा प्रयोग पुण्या-मुंबईच्या, कोल्हापूरच्या रुग्णांवर, आपल्या जेवणासकट, लवकर व्हायला हवा.